ल्युदमिला गुरचेंकोचा कोणता सिनेमा आधी दाखवावा?

प्रश्न (परभणी): वाचनालयात रशियन विनोदी सिनेमा दाखवायचा आहे. सोव्हिएत अभिनेत्री गुरचेंकोच्या सिनेमांची सुरुवात कुठून करावी?

उत्तर (लातूर): 'कार्निव्हल नाइट'च, ताई. 1956, दिग्दर्शक एल्दार रियाझानोव. सव्वा तासाचा आहे, मध्यंतर लागत नाही. 'पाच मिनिटं' हे गाणं बघा: काळा झगा, आवळलेली कंबर, हातात पांढरा मफ (दोन्ही हात उबेसाठी आत घालायची नळीसारखी गुंडाळी). गंमत नव्या वर्षाला उरलेल्या पाच मिनिटांची आहे. तेवढं आधी मराठीत सांगा, नाहीतर प्रेक्षक नुसती चाल ऐकतात.

उत्तर (नांदेड): नंतर लगेच 'स्टेशन फॉर टू' नको, दोन भागांचा आहे, लोक उठतात. वेगळ्या दिवशी ठेवा. त्यातली स्टेशनवरच्या उपाहारगृहातली वेरा हेच तिचं खरं मोठं काम. पहिल्या यशानंतर 1957 मध्ये खाजगी मैफलींवरून वृत्तपत्रात टीका झाली आणि चांगल्या भूमिका बरीच वर्षं आटल्या. म्हणून वेराचा थकवा ओढूनताणून आणलेला वाटत नाही.

उत्तर (लातूर): बरोबर. हसवायचंच असेल तर 'लव्ह अँड डव्ह्ज', 1984. त्यात ती नायिका नाही, संसारात शिरणारी रायसा आहे, हे आधी सांगून ठेवा.