साहिब, सिंध, सुलतान: दुसऱ्या फेरीत रांग का बिघडते?

पाचपाखाडी
१६ एप्रिलसाठी स्कॉटिश कंट्री डान्सच्या (पुरुष आणि बाया समोरासमोर ओळीत उभे राहून जोड्यांनी नाचायचा नाच) पद्धतीचा नवा नाच रचतोय. १८५३ साली त्या तारखेला बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती, तेच नाव नाचाला दिलंय. चार जोड्यांची रांग, ३२ बारची (बार म्हणजे तालाचा एक तुकडा) जिग, म्हणजे जलद धून, आठ वेळा. आराखडा असा, आकडे बारांचे:

१–४: पहिली जोडी सेट करून (जागेवरच उजवी-डावीकडे पाऊल) एक जागा कास्ट ऑफ (ओळीच्या बाहेरून वळून खाली). दुसरी जोडी ३–४ मध्ये वर, म्हणजे संगीताकडे, सरकते.
५–८: पहिली जोडी उजव्या हाताने दीड फेरी.
९–१६: पहिली जोडी एकामागे एक, डॉल्फिन पद्धतीने (दोघं मिळून एक, वळणावर पुढचा मागे). आधी पहिल्या कोपऱ्यांशी (कर्णाच्या दोन टोकांना उभे दोघं) अर्धी रील (आठच्या आकड्यात एकमेकांना ओलांडत), मग दुसऱ्या कोपऱ्यांशी अर्धी.
१७–२४: पहिली जोडी मधून खाली आणि परत वर.
२५–३२: सहा हातांचा गोल, डावीकडे आणि परत.

पहिल्यांदा दिसायला ठीक दिसतं. दुसऱ्या फेरीला मात्र तिसरी जोडी सगळ्यात वर, तीही उलट्या बाजूला. चूक नेमकी कुठे आहे?

घिलीवाला
९–१६ मध्ये. अर्ध्या रीलनंतर दोन्ही कोपरे एकमेकांच्या जागी जातात. पहिले कोपरे म्हणजे दुसरा पुरुष आणि तिसरी बाई, दुसरे कोपरे म्हणजे दुसरी बाई आणि तिसरा पुरुष. दोन्ही कर्णांवर एकेकदाच अदलाबदल झाली की चौघंही समोरच्या टोकाला अडकतात. पुढचा गोल पूर्ण जाऊन परत येतो, म्हणजे काहीच दुरुस्त करत नाही.

हे उभ्याउभ्या कळत नाही. कॅरमच्या सोंगट्या घ्या, काळ्या म्हणजे पुरुष, पांढऱ्या म्हणजे बाया, खडूने आकडे घाला आणि दर चार बारांनी सरकवा. दोन मिनिटांत दिसेल.

इलाज दोन आहेत. एक, अर्ध्या रीली चार करा: पहिले, दुसरे, पहिले, दुसरे. ९–२४ असे सोळा बार गेले की सगळे घरी, म्हणजे आपापल्या जागी. मग १७–२४ चं खाली-वर काढून टाका, त्याची गरजही नव्हती. दुसरा इलाज, दोनच ठेवून लगेच सहा हातांचा गोल फक्त अर्धा फिरवा, चार बार. अर्धा गोल प्रत्येकाला समोरच्या टोकाला नेतो, म्हणून कोपरे आपोआप घरी येतात. पण पहिल्या जोडीला गोलात उलट्या बाजूने शिरावं लागतं, आणि नवख्यांचा तिथेच गोंधळ होतो. पहिलाच घ्या.

आणखी एक. दीड फेरीने पहिली जोडी उलट्या बाजूला जाते, डॉल्फिनला हवं तसं तोंड होत नाही. चार बारांत एक पूर्ण फेरी आणि वर थोडीशी पुरते: बाई तिसऱ्या बाईकडे तोंड करून सुटते, पुरुष हात सोडून उजवीकडे वळत तिच्या मागे शिरतो.

दिवा_जंक्शन
डॉल्फिनबद्दल. ही फिगर ‘पेलोरस जॅक’ या नाचामुळे माहीत झाली. न्यूझीलंडमधल्या जहाजांसोबत पोहणाऱ्या डॉल्फिनचं नाव आहे ते. नाव आणि हालचाल एकमेकांना धरून आहेत. ‘रील ऑफ द ५१स्ट डिव्हिजन’चंही तसंच: दुसऱ्या महायुद्धात जर्मन युद्धबंदी छावणीत रचलेला नाच, आणि मधोमध सेंट अँड्र्यूचा तिरपा क्रूस उभा राहतो. तुमच्या नाचात इंजिन दिसायचं ते डॉल्फिनमध्येच.

पुढचा मागे आणि मागचा पुढे हा बदल टोकाच्या वळणावर होतो. लोकल सीएसएमटीला लागली की मागचा डबा पुढचा होतो, तसाच. चारपैकी पहिल्या अर्ध्या रीलीत बाई पुढे असते, वळणावर पुरुष पुढे येतो. पुढच्या अर्ध्या रीलीच्या वळणावर पुन्हा बाई. बिघडतं ते असं: मागचा माणूस पुढच्याचं वळण पूर्ण व्हायची वाट बघतो आणि अख्खा बार उशिरा निघतो. पुढच्याने वळण मोठं घ्यायचं, मागच्याने दुसऱ्या बारच्या शेवटी आतून कापून निघायचं. दोघांत हातभर अंतर, जास्त नको.

कोपऱ्यांचा क्रमही ठरवून टाका. आधी तिसऱ्या बाईची जागा, मग तिसऱ्या पुरुषाची, मग वर दुसऱ्या पुरुषाची, शेवटी दुसऱ्या बाईची. उजव्या खांद्याने सुरुवात, आणि मध्यात आल्यावर दर वेळी डावीकडे वळायचं. एकदा लक्षात आलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

पाचपाखाडी
सोंगट्यांवर करून बघितलं, चार अर्ध्या रीलींत सगळे घरी आले. पण इंजिनं तीन आणि जोड्या चार, हे खटकतंय. चौथी जोडी पहिल्या फेरीत नुसतीच उभी राहते.

घिलीवाला
मग तीन जोड्यांची रांग करा, ३२ बार तीन वेळा. प्रत्येक जोडी एकदाच पहिली होते: साहिब, सिंध, सुलतान. मात्र एका फेरीत पहिली जोडी थेट तळाला पोचायला हवी, वरून खाली जोड्यांचा क्रम २–१–३ वर थांबून चालणार नाही, २–३–१ हवं. म्हणून शेवट बदला:

२५–२६: पहिली जोडी तिसऱ्या जोडीच्या मधून खाली लीड (हात धरून शेजारी-शेजारी), त्याच वेळी तिसरी जोडी वर सरकते.
२७–२८: तिन्ही जोड्या सेट.
२९–३२: सगळे जोडीदाराला उजव्या हाताने फिरवतात आणि आपापल्या बाजूला.

दिवा_जंक्शन यांनी दिलेला क्रम इथे नेमका बसतो. शेवटची अर्धी रील वरच्या कोपऱ्याकडे जाते, म्हणून पहिली जोडी मध्यात येते तेव्हा तिचं तोंड खालीच असतं, लीड त्याच दमात निघते. क्रम उलटा केलात तर तिथे गर्रकन वळावं लागेल आणि पाऊल मोडेल. बाई पुढे असते, तिने किंचित डावीकडे व्हायचं, पुरुष तिच्या उजवीकडून शेजारी येतो.

मोजताना तुकडे दोन, चार, आठ बारांचेच ठेवा. सुरुवात उजव्या पायाने असते आणि दर बारला पाय बदलतो. तीन बारांची फिगर घातली की पुढची डाव्या पायाने सुरू होते, आणि सगळी रांग अडखळते.

दिवा_जंक्शन
संगीताचं आधी बघा. बाजारात ३२ बारांच्या जिगची रेकॉर्डिंग आठ वेळांची सहज मिळतात, तीन वेळांची कमी. आठची घेऊन तिसऱ्यानंतर आवाज उतरवू नका: शेवटचा नमस्काराचा कॉर्ड मिळत नाही आणि मुख्य धूनही शेवटी परत येत नाही. खास तीन वेळांचंच शोधा, लांबी पावणेदोन मिनिटांच्या आसपास असते.

सूचना लिहिताना ‘सेट’ हा शब्द फक्त पावलासाठी वापरा, उभ्या माणसांसाठी ‘रांग’. ‘रील’ चं काय करायचं ते तुम्हीच ठरवा, मुलं तो शब्द ऐकला की मोबाइल काढतात. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी हव्यात: बार, कोण, आणि शेवटी कुठे तोंड. तिसरीच नेहमी राहून जाते. लिहून झालं की तालमीला न आलेल्या सहा जणांना नुसता कागद द्या, तोंडाने काही सांगू नका. ते जिथे थांबतील, ती ओळ पुन्हा लिहा.

हॉलची फरशी गुळगुळीत असेल तर मऊ तळाच्या घिली (या नाचाचे बूट) घसरतात. तुमच्या नाचात आता गोल उरलाच नाही, त्यामुळे स्लिप स्टेपची (गोलात बाजूला सरकत टाकायचं पाऊल) भीती गेली. तरी डॉल्फिनच्या वळणाच्या चार जागा कोरड्या फडक्याने पुसून घ्या.