थुंकतेय म्हणजे आवडलं नाही असं नसतं गं

सहा महिन्यांची लेक नाचणीचं सत्त्व जिभेने बाहेर ढकलते म्हणून टेन्शन घेतलंयस ना, अगं आमच्याकडे सेम! दूध ओढायची सवय असते त्यांना, चमच्यावरून आत घ्यायला शिकायला दिवस जातात, आमच्या पिल्लूने आठवडाभर अर्धं लाळेऱ्यावर आणि अर्धं माझ्या गाऊनवर काढलं, मग एक दिवस स्वतःच चमचा ओढायला लागला.

ते वरणाचं नुसतं वरचं पाणी देऊ नकोस पण, सासूबाई कितीही म्हणोत, त्यात काही नसतं, पोट मात्र भरतं. त्यापेक्षा मूगडाळ-भात शिजवून घोट, चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही इतका घट्ट, वर थोडं तूप. मीठ-साखर ती वर्षाची होईपर्यंत नाही, मध तर तोवर अजिबातच नाही. दूध चालूच ठेव.

आणि हो, नाचणीला मोड आणून घरी सत्त्व करणार असशील तर जुलैत भांडुपमध्ये नको, मी पंख्याखाली चादरीवर पसरली होती, तिसऱ्या दिवशी आंबूस वास, सगळी फेकली. सरळ विकतचं आणलं, फक्त साखर नसलेलं बघून.