रुब्ल्योवचे ‘त्रैक्य’: संग्रहालयात की मठात?

आंद्रेई रुब्ल्योवने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात रंगवलेले ‘त्रैक्य’ (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा ख्रिस्ती त्रिएक ईश्वर) हे रशियन आयकॉन-परंपरेतले, म्हणजे लाकडी फलकांवरच्या पूजेच्या चित्रांच्या परंपरेतले, सर्वांत ख्यातनाम चित्र १९२९ पासून मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात होते. मे २०२३ मध्ये ते ऑर्थोडॉक्स चर्चकडे सोपवण्याचा निर्णय जाहीर झाला आणि २०२४ साली ते मॉस्कोजवळच्या सेर्गियेव्ह पोसाद गावातल्या मूळ मठात पोहोचले. माझ्या मते ते हलवायला नको होते. तीन फळ्या जोडून केलेल्या या फलकावर कापड, त्यावर खडू आणि सरस यांचा पांढरा लेप, आणि त्यावर अंड्याच्या बलकात कालवलेले रंग आहेत. हवेतला दमटपणा बदलला की लाकूड फुगते किंवा आकसते, लेपाला मात्र तितके हलता येत नाही, आणि मग रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. जुलै २०२२ मध्ये काही दिवसांपुरते हे चित्र मठात नेले होते. परत आल्यावर तज्ज्ञांनी त्यात ६१ बदल नोंदवले. एवढे समोर असताना ते कायमचे पाठवणे हा निव्वळ हट्ट आहे.

प्रतिसाद १
आपण फलकाबद्दल जे लिहिले आहे ते मान्य, पण ते संग्रहालयात आले कसे, हे आपण वगळले आहे. १९१७ च्या क्रांतीनंतर सोव्हिएत सरकारने मठच बंद केला आणि त्यातल्या वस्तू ताब्यात घेतल्या. ज्याच्यापुढे दिवा लावायचा, क्रूसाची खूण करायची, ते चित्र भिंतीवर तिकीट लावून दाखवणे म्हणजे जतन नव्हे. शिवाय जुने आयकॉन टिकवले कोणी? सतराव्या शतकातल्या धर्मसुधारणा नाकारणाऱ्या ‘जुन्या श्रद्धे’च्या लोकांनी, छळ सोसून, स्वतःच्या घरांत आणि प्रार्थनास्थळांत. संग्राहकांना या चित्रांची किंमत कळली ती बरीच नंतर.

मूळ लेखकाचे उत्तर
जुन्या श्रद्धेच्या लोकांचे ऋण कोण नाकारतो? पण भक्तांच्या हाती चित्राचे काय होते, तेही पाहा. आयकॉनवर जवसाच्या तेलाचे रोगण देत. ते काही दशकांत काळवंडे, मग त्यावरच नव्याने रंगवत, आणि वरून धातूचे आवरण चढवत. ‘त्रैक्या’वरही सोन्याचे आवरण होते. १९०४ मध्ये जुनी चित्रे साफ करणाऱ्या गुर्यानोव्हने ते उतरवून सफाई सुरू केली, तेव्हा कुठे मूळ रंगांची कल्पना आली. भक्तांसाठी प्रत पुरेशी होती. १५५१ च्या धर्मसभेने चित्रकारांना रुब्ल्योव आणि जुन्या आचार्यांच्या नमुन्यांप्रमाणेच चित्रे काढण्याची आज्ञा दिली होती. म्हणजे या परंपरेत प्रत दुय्यम नाहीच.

प्रतिसाद १ (पुन्हा)
प्रत दुय्यम नसेल, तर ती संग्रहालयानेच लावावी आणि मूळ चित्र मठाला द्यावे! आणि गुर्यानोव्हची सफाई मठातच, मठाच्या संमतीने झाली होती, हेही विसरू नये.

प्रतिसाद २
दोघेही एकाच फलकाला धरून बसला आहात. परंपरा हातात असते. रशियातल्या पालेख गावातले लोक पिढ्यान्‌पिढ्या आयकॉन रंगवत होते; क्रांतीनंतर मागणीच संपली, तेव्हा १९२४ मध्ये त्यांनी सहकारी संस्था काढून कागदाच्या लगद्याच्या काळ्या डब्यांवर तीच बारीक रेघ आणि तेच अंड्याचे रंग वापरून परीकथा आणि शेतकरी रंगवले. विषय गेला, हात राहिला, असे म्हणता येईल. पण प्रार्थनेचे चित्र काढायला तेवढे पुरले नसते. ती बाजू सांभाळली मारिया सोकोलोवा यांनी, ज्या पुढे ख्रिस्ती संन्यासिनी युलियानिया झाल्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस, चर्चवर दडपण असतानाच, त्यांनी याच सेर्गियेव्ह पोसादच्या मठात आयकॉन रंगवण्याचे वर्ग सुरू केले. जुन्या चित्रांच्या प्रती काढूनच त्या शिकल्या आणि तसेच त्यांनी शिकवले. त्यामुळे मला सतावतो तो प्रश्न वेगळा आहे: शिकणाऱ्याला मूळ चित्रासमोर किती वेळ उभे राहता येते?

मूळ लेखकाचे उत्तर
यावर तोडगा आधीपासून आहे. ‘व्लादिमिरची देवमाता’, म्हणजे येशूच्या आईचे बाराव्या शतकातले बायझंटाइन आयकॉन, त्रेत्याकोव्हला जोडलेल्या चर्चमध्ये नियंत्रित हवेच्या काचपेटीत ठेवले गेले. तिथे प्रार्थनाही होई आणि संग्रहालयाचे जाणकार लक्षही ठेवत. ‘त्रैक्या’साठी हीच व्यवस्था करता आली असती.

प्रतिसाद १ (पुन्हा)
ते चर्च संग्रहालयाच्या आवारातले आहे. मठ म्हणजे जिथे त्याचे संस्थापक संत सेर्गियस यांचे अवशेष आहेत, ती जागा. काचपेटी तिथेही बसवता येते. संग्रहालयाचे जाणकार तिथे नियमित जाऊन तपासणी करणार असतील, तर आपला आक्षेप उरतो का, तेवढे सांगा.