आधी दंडाचा घेर मोजा
घरचं मशीन काहीही आकडे दाखवतं, खरं बीपी दवाखान्यातलंच, असं वर कुणीतरी लिहिलंय. मला नाही पटत. दवाखान्यात नुसत्या धास्तीने वरचा आकडा दहा-वीसने चढू शकतो, आणि उलटही होतं: तिथे नॉर्मल, घरी जास्त. म्हणूनच तर घरी मोजायला सांगतात. फक्त बीपी जास्त म्हणायची सीमा वेगळी. दवाखान्यात साधारण १४०/९० धरतात, घरच्या सरासरीला १३५/८५.

मशीनच्या दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याचा विषय मात्र कुणीच काढला नाही. गोळी चालू असूनही माझं घरी सतत १५०च्या आसपास यायचं. मशीन दोनदा बदलून झालं. शेवटी नर्सबाईंनी टेप घेतली आणि खांदा नि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजला, ३६ सेंमी. माझ्या पट्ट्यावर बारीक अक्षरात छापलेलं, २२ ते ३२! पट्टा तोकडा पडला की आकडा फुगतो. मोठा पट्टा आणल्यावर १३८ आलं. म्हणजे बीपी आहेच, पण डोस वाढवायचं घाटत होतं ते लांबलं. मग डॉक्टरांनी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजायला लावलं: पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, हात टेबलावर, मिनिटाच्या अंतराने दोनदा. (शेजारी गप्पा मारणारं कुणी असेल तर आधी त्याला उठवा, बोलण्यानेही चढतं.) वही दाखवली तर पहिल्या दिवसाचे आकडे त्यांनी चक्क खोडले आणि उरलेल्यांची सरासरी काढली.