मदत हवी आहे: जुन्या दारांवरचा रंग निघत नाही, कपाट अडलंय

शेवंती:
घराच्या दुरुस्तीत चार लाकडी दारं निघाली. लाकूड अजून खणखणीत आहे, टाकवत नाही. माल ठेवायची लाकडी पॅलेटही तीन मिळालीत. या सगळ्यातून मुलीच्या पुस्तकांचं कपाट करायचंय. दोन दिवस घासतेय, पण पॉलिश पेपर पाच मिनिटांत भरतो आणि रंग तसाच. लवकर सांगा, रविवारपर्यंत संपवायचंय.

रंधेकरी:
रंग कसला? थर किती? दारं किती जुनी? पॅलेटवर शिक्का आहे का? आणि घासताय कुठे?

शेवंती:
हिरवा रंग, दारांना असतो तोच. सासरे लहान होते तेव्हापासूनची दारं आहेत. मधल्या खोलीत घासतेय, बाहेर ऊन आहे. शिक्का बघितला नाही. रंग कसा काढायचा तेवढं सांगा ना.

धडाडी:
हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) घ्या. रंग फुगला की पटाशीने खरवडा. मी सहा खिडक्या अशाच साफ केल्या, एका दिवसात.

रंधेकरी:
ताई, घासणं आत्ता थांबवा. इतक्या जुन्या तैलरंगात शिसं असण्याची दाट शक्यता आहे. कोरडं घासलं की त्याची बारीक धूळ खोलीभर बसते. धडाडी, हीट गनही नको. फार तापली तर शिशाचा धूर होतो.

धडाडी:
मला काही झालं नाही.

रंधेकरी:
शिशाचा त्रास लगेच दिसत नाही. तुम्ही रक्त तपासलंत का?

निळी_शाई:
अवांतर होतंय, तरी लिहिते. जुन्या दारांचं कपाट करणं, याला लोक सर्रास रीसायकलिंग म्हणतात. ते चूक आहे. रीसायकलिंगमध्ये वस्तू मोडून तिचा कच्चा माल होतो. २००८ च्या युरोपीय कचरा निर्देशात क्रम स्पष्ट आहे: आधी कचरा टाळणं, मग वस्तू पुन्हा वापरण्याजोगी करणं, त्यानंतर रीसायकलिंग, मग ऊर्जा वगैरे मिळवणं, शेवटी विल्हेवाट. म्हणून मला वाटतं, दार दार म्हणूनच कुणाला तरी द्यावं. फाडून फळ्या कशाला?

धडाडी:
आणि ज्याला द्याल त्याच्या घरात शिसं?

निळी_शाई:
हं, ते खरं. सांगून द्यावं लागेल.

रंधेकरी:
पॅलेटबद्दल सांगतो. शिक्क्यावर एचटी असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं असतं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते पॅलेट घरात आणू नका. पण शिक्का फक्त किडीबद्दल बोलतो. त्यावर पुढे कुठलं रसायन सांडलं ते त्यातून कळत नाही. डाग किंवा वास असेल तर सोडून द्या.

शेवंती:
बघितलं. दोनांवर एचटी, तिसरं कोरं. धाकटा दहा महिन्यांचा आहे, याच खोलीत रांगतो. काल त्याच्या हातांना हिरवी भुकटी लागली होती. आता काय करू?

रंधेकरी:
त्याला त्या खोलीतून हलवा. हात, खेळणी साबणाने धुवा. झाडू मारू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. बाळाच्या डॉक्टरांना सगळं सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळी अशी कुठलीच माहीत नाही. दारं प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाहेर ठेवा. रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासता येतो, अहवाल येईपर्यंत हात लावू नका.

धडाडी:
ताई, हीट गनचं मी मागे घेतो. आधी बाळाचं बघा.

शेवंती:
डॉक्टरांची उद्या सकाळची वेळ मिळाली. कपाट दोन एचटी पॅलेटचंच करीन, जरा छोटं होईल. पुस्तकांवरही धूळ बसलीय, ती पुसून चालतील का?

निळी_शाई:
कव्हर गुळगुळीत असतील तर ओल्या फडक्याने पुसून चालतील. कापडी बांधणीची असतील तर सध्या बाळाच्या हाती लागणार नाहीत अशी बांधून ठेवा.