मदत हवी आहे: डोळे दिपले, पण गोष्ट निसटली. परीक्षण कसं लिहू?

नमस्कार मंडळी. इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या हस्तलिखितासाठी चित्रपट परीक्षण द्यायचं कबूल करून बसलोय. चित्रपट तरसेम सिंगचा ‘द फॉल’ (२००६).

वरवर सोपं आहे. लॉस एंजेलिसच्या इस्पितळात अंथरुणाला खिळलेला स्टंटमन, हात मोडलेल्या चिमुरडीला गोष्ट सांगतो. पण ती गोष्ट आपल्याला दिसते तिच्या डोक्यातून. तो ‘इंडियन’ म्हणतो तो अमेरिकेतला आदिवासी. हिला दिसतो आपल्याकडचा पगडीवाला! हे मला दुसऱ्यांदा बघताना कळलं. पहिल्यांदा नुसत्या आभानेरीच्या चांद बावडीच्या पायऱ्या आणि निळं जोधपूर बघत बसलो होतो.

एका प्रसंगात कुलपाच्या भोकातून उजेड येतो आणि बाहेरचा घोडा भिंतीवर उलटा उमटतो. बायको पटकन म्हणाली, “अहो, आमच्या पंचवटीतल्या वाड्यात दुपारी असंच व्हायचं. रस्त्यावरची माणसं डोकं खाली, पाय वर!” मला तर इथूनच सुरुवात करावीशी वाटतेय.

अडचण पुढची आहे. उत्तरार्धात कोणाचं काय चाललंय, सूत्रच सापडत नाही. हा दोष म्हणू, की सांगणाराच खचलाय म्हणून गोष्ट विस्कटते असं लिहू? ‘मला कळलं नाही’ असं सरळ लिहिलं तर चालतं का? शेजारचे काका आधीच चिडवतायत, त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांच्या जिल्ह्यात राहून सिनेमा कळत नाही म्हणून.

कोणी पाहिला असेल तर सांगा. जागा ३०० शब्दांचीच आहे, आणि शेवट फोडायचा नाहीये.