मेटाबेसचा डॅशबोर्ड साईटमध्ये टाकलाय पण एका दूध संस्थेला दुसरीचा डेटा दिसतोय, मदत करा

गोठा_ते_सर्व्हर:
नमस्कार मंडळी, कोल्हापूर भागातल्या ४० दूध संस्थांचं काम आहे आमच्याकडे. सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), सगळं पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये पडतं. सचिवाने लॉगिन केलं की त्याच्या संस्थेचे चार्ट दिसावेत एवढंच पाहिजे. मी मेटाबेसमध्ये (डेटाबेसवरून चार्ट बनवायचं सॉफ्टवेअर) डॅशबोर्ड बनवला, पब्लिक लिंक काढली, युआरएलच्या शेवटी संस्थेचा नंबर जोडला आणि आयफ्रेममध्ये (आपल्या पानात दुसरं पान दाखवायची चौकट) टाकून मोकळा झालो. काल एका सचिवाच्या मुलाने १२ चे १३ केले आणि शेजारच्या गावचं सगळं संकलन त्याच्यासमोर आलं. पोरगं प्रामाणिक, त्यानेच फोन करून सांगितलं. रात्रभर झोप नाही. फुकटच्या आवृत्तीत हे नीट करता येतं का, की सगळं चार्ट-जेएस या जावास्क्रिप्ट लायब्ररीत हाताने लिहू?

क्वेरीवाला:
भाऊ, आधी ती पब्लिक लिंक बंद करा, बाकीचं नंतर वाचा.

केली? आता ऐका. पब्लिक लिंकमधला फिल्टर म्हणजे कुलूप नव्हे, ज्याच्या हातात युआरएल आहे तो काहीही बदलू शकतो. तुम्हाला पाहिजे ते स्टॅटिक एम्बेडिंग, फुकटच्या आवृत्तीत आहे, फक्त खाली मेटाबेसचा छोटा बिल्ला दिसतो. डॅशबोर्डच्या एम्बेड सेटिंगमध्ये संस्थेचा पॅरामीटर 'लॉक्ड' करा, 'एडिटेबल' नको. मग तुमच्या सर्व्हरवर, सेशनमधूनच, म्हणजे लॉगिनच्या सर्व्हरवरच्या नोंदीतूनच, संस्थेचा नंबर घेऊन (ब्राउझरकडून आलेला अजिबात घेऊ नका), डॅशबोर्डचा आयडी, तो नंबर आणि मुदत असा जेडब्ल्यूटी (सही केलेला टोकन) मेटाबेसची सिक्रेट की, म्हणजे गुप्त किल्ली, वापरून साईन करा. तो टोकन आयफ्रेमच्या पत्त्यात जातो. त्यात कोणी एक अक्षर जरी बदललं तरी सही जुळत नाही, मेटाबेस नाकारतो. की फक्त सर्व्हरवर. जावास्क्रिप्टमध्ये टाकलीत तर काल झालं तेच परत होणार.

निळा_बार:
वरचं बरोबर आहे पण चारच चार्ट असतील तर मी स्वतः लिहीन. सर्व्हरवर जेसन (साध्या मजकुरातला डेटा) देणारा एक पत्ता, संस्थेचा नंबर सेशनमधून, आणि समोर ईचार्ट्स किंवा चार्ट-जेएस. बेरजा डेटाबेसमध्येच करून पाठवा, वर्षभराच्या नोंदी ब्राउझरमध्ये ओतलात तर गावातला साधा मोबाईल बसतो. फायदा म्हणजे आकडे मराठीत येतात, ब्राउझरमधल्या इंटल नंबरफॉरमॅटला एमआर-आयएन (मराठी-भारत) हा भाषेचा कोड दिला की १,२५,००० असं लाखाच्या स्वल्पविरामासकट दिसतं, सचिव मंडळींना ते पटकन वाचता येतं. एक खाच आहे, कॅनव्हासवर (ब्राउझर जिथे चार्ट चित्रासारखा काढतो ती जागा) देवनागरी वेबफॉन्ट उतरायच्या आधी चार्ट काढला तर अक्षरं दुसऱ्याच फॉन्टमध्ये येतात आणि आपोआप बदलत नाहीत, म्हणून फॉन्ट लोड झाल्यावरच चार्ट काढा. हे शोधण्यात माझे दोन दिवस गेलेत.

गोठा_ते_सर्व्हर:
क्वेरीवाला दादा, लिंक बंद केली, लॉक्ड करून टोकन लावला, १२ चं १३ करायला आता पत्त्यात काही उरलंच नाही. तीन संस्थांच्या लॉगिनने तपासलं. पण एक झालंय, पान उघडं ठेवून सचिव संकलनाला गेले आणि आल्यावर तारीख बदलली की चार्टच्या जागी एरर येतो. मुदत १० मिनिटं ठेवलीय.

क्वेरीवाला:
तुमची मुदत संपतेय, टोकन ठीक आहे. दर आठ मिनिटांनी सर्व्हरकडून नवा टोकन मागवून आयफ्रेमचा पत्ता बदला, किंवा टॅब परत समोर आला की बदला, दुसरं बरं, कारण चालू असलेलं काम मध्येच रिकामं होत नाही. मुदत वाढवून दिवसभराची करू नका. आणि मुदत सेकंदात लिहिलीय ना बघा, मिलिसेकंद टाकलेत तर टोकन हजारो वर्षं चालेल आणि तुम्हाला कळणारही नाही.

गोठा_ते_सर्व्हर:
सेकंदातच आहे, आत्ता परत पाहिलं. टॅबवालं आज रात्री लावतो, उद्या सकाळच्या संकलनाआधी.